पोलंडातले भाऊबंद

भाऊबंद म्हटले की आम्हां देवळेकरांच्या डोळ्यांपुढे माणसाआधी विहीर उभी राहते. दोन पात्यांची सामाईक विहीर, तिच्या पाण्याच्या पाळ्या, आणि त्या पाळ्यांवरून तीन पिढ्या चालत आलेला अबोला. अशा गावच्या म्हाताऱ्याला ऐन दिवाळीत कोणी येऊन सांगितले की, "तुमचे काही भाऊबंद पोलंडात आहेत," तर त्याला पहिली धास्ती कसली वाटेल, हे वाचकांनी ताडलेच असेल. आमचे आप्पा चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि शांतपणे विचारले, "विहिरीत वाटा मागताहेत का?"

ही बातमी आणणारा माझा पुतण्या. नोकरीनिमित्त तो पोलंडातल्या क्राकाव शहरी असतो. हल्ली तिकडे एक फॅशन निघाली आहे. टपालाने एक नळी मागवायची, तीत थुंकायचे, नळी परत पाठवायची, आणि महिना-दीड महिन्याने आपला वंश कोठून कोठे फिरला याचा कागद यायचा. पुतण्याच्या कचेरीतल्या सर्वांनी थुंकून पाहिले, म्हणून तोही थुंकला. कागद आला. त्यात त्याची पितृकुळी लिहिली होती 'आर-वन-ए', आणि शेजारच्या टेबलावरच्या पोलिश मित्राचीही नेमकी तीच! दोघांनी त्या संध्याकाळी एकमेकांना भाऊ म्हणून मिठी मारली म्हणे. (पोलंडात संध्याकाळी मिठी मारायला एवढेही कारण लागत नाही, असे पुतण्याच म्हणतो.)

आप्पांचा प्रश्न हसण्यावारी गेला खरा. पण पुतण्याने येताना आणखी एक कोरी नळी आणली होती आणि ती त्याने गुपचूप धाकट्या पातीच्या नानांच्या मुलाला दिली होती, हे पुढे कळले. ते जर आधी कळते, तर मी त्याला अडवले असते. का, ते सांगतो.

आमची थोरली पाती, नानांची धाकटी. आडनाव सांगत नाही; त्या आडनावाची घरे देवळ्यात इतकी आहेत की सांगून उपयोगही नाही. आप्पांचे आजोबा हे दत्तक. ही गोष्ट कोणी लपवलेली नाही. वाद होता तो त्यांना आणले कोठून याचा. आमच्या घरची कथा अशी की, मूल तीन घरे पलीकडून, भाऊबंदांतूनच घेतले; म्हणजे रक्त एकच. धाकट्या पातीची कथा अशी की, थोरल्या पणजीने आपल्या माहेरून, बागलाणातून, सख्खा भाचा आणून मांडीवर बसवला. त्यांच्याकडे आम्हांला खाजगीत एक शब्द आहे: 'आणलेले'. विहिरीवर आवाज चढला की हा शब्द बाहेर येतो, आणि तो आला की आप्पा दोन दिवस जेवत नाहीत. आता या भांडणाचा निकाल एका थुंकीच्या नळीत होता!

तो कसा, हे समजण्यापुरते शास्त्र पाहू. आपल्या शरीरातल्या पेशीपेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईचे, एक बापाचे. पुढच्या पिढीला देताना या जोड्या पत्त्यांप्रमाणे पिसल्या जातात, त्यामुळे नातवात आजोबांचे नाक आणि आजीचा संताप एकत्र नांदू शकतो. याला अपवाद पुरुषाच्या तेविसाव्या जोडीतल्या 'वाय' नावाच्या ठेंगण्या गुणसूत्राचा. त्याला जोडीदार समान नाही. म्हणून त्याची दोन टोके सोडली तर ते पिसले जात नाही. बापाने मुलाला, मुलाने नातवाला, जसेच्या तसे. सुमारे सहा कोटी वीस लक्ष अक्षरांची ही पोथी. तिचे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत संपूर्ण वाचन शास्त्रज्ञांना २०२३ साली साधले.

जसेच्या तसे म्हटले, पण पोथी उतरवणारा लेखनिक कितीही कसबी असला तरी अधूनमधून एखादे अक्षर चुकवतोच. आणि एकदा चूक झाली की त्या प्रतीवरून पुढे उतरवलेल्या सर्व प्रतींत ती तशीच उतरते. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांचे अभ्यासक कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून निघाली हे अशाच पाठभेदांवरून ठरवतात. वाय गुणसूत्राचे अभ्यासकही तेच करतात. समान चुका असलेल्या पुरुषांची एक कुळी. २००२ साली एका आंतरराष्ट्रीय समितीने या कुळींना 'ए'पासून पुढे इंग्रजी मुळाक्षरे दिली, आणि पोटकुळींना त्यापुढे आकडे व अक्षरे. आपली शहाण्णव कुळी आणि त्यांची देवके जसा लग्नाच्या वेळी घोळ घालतात, तितकाच घोळ हे आकडेही घालतात. त्यात आपण शिरायला नको.

झाडाचे मूळ आफ्रिकेत. ते किती खोल आहे हे एका सामान्य माणसामुळे कळले. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिना प्रांती आल्बर्ट पेरी नावाचा एक कृष्णवर्णी गृहस्थ गुलामगिरीच्या काळात जन्मला. त्याच्या वंशजांपैकी एकाने हौसेखातर अशीच नळी पाठवली. प्रयोगशाळेला ती कुळी तोवरच्या कोणत्याच फांदीवर बसवता येईना! पश्चिम आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये तिचे मोजके भाईबंद सापडले, २०१३ साली हा शोध प्रसिद्ध झाला, आणि मानवजातीच्या आदिपुरुषाचे वय एकदम लाखभर वर्षांहून अधिक मागे ढकलावे लागले. आज ते दोन ते तीन लक्ष वर्षे मानतात.

आता युरोपचा नकाशा पाहू, कारण पितृकुळींची इतकी स्पष्ट रांगोळी दुसऱ्या खंडावर क्वचितच उमटली असेल. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गाडीत बसा. डब्यातल्या दहा पुरुषांपैकी आठ 'आर-वन-बी' कुळीचे निघतील. वेल्समध्ये आणि स्पेन-फ्रान्सच्या सरहद्दीवरच्या बास्क लोकांतही तेच. फ्रान्स ओलांडताना दहांतले सहा उरतात, जर्मनीत चार-साडेचार. आणि जर्मनीच्या पूर्वेस जसजसे जावे तसतशी दुसरीच मंडळी डब्यात चढू लागतात. ही आमच्या पुतण्याची 'आर-वन-ए' कुळी. पोलंडात शंभरांत पंचावन्नाच्या आसपास, युक्रेन आणि रशियात चाळीस ते पन्नास. आणि पश्चिमेकडे पाहावे तर इंग्लंडात शंभरांत चार-पाच, स्पेनमध्ये दोन-तीन. उत्तरेस स्वीडनमध्ये 'आय' कुळीचे शंभरांत पस्तीस-चाळीस, फिनलंडात सैबेरियाकडून आलेली 'एन' कुळी साठाच्या घरात, बोस्नियाच्या डोंगरांत 'आय'चीच दुसरी शाखा निम्म्यावर, ग्रीस-इटलीच्या किनाऱ्यांवर पश्चिम आशियातून आलेली 'जे'. भाषेच्या, धर्माच्या वा राष्ट्राच्या सीमा या रांगोळीशी कोठे जुळतात, कोठे मुळीच जुळत नाहीत.

ही रांगोळी कोणी घातली? अलीकडे जुन्या हाडांतून गुणसूत्रे काढण्याची विद्या साधली आहे, त्यामुळे याचे उत्तर पुष्कळसे हाती आले. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेला सव्वापाच हजार वर्षांपूर्वीचा 'ओट्झी' वाचकांना आठवत असेल. त्याची कुळी 'जी', जी आज युरोपात विरळा झाली आहे. त्याच्या काळी युरोपातल्या शेतकऱ्यांत ती सर्वत्र होती. मग हे शेतकरी गेले कोठे? इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमारास काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ मैदानांतून गुरे, बैलगाड्या घेऊन पशुपालक पश्चिमेस सरकले. मध्य आणि पूर्व युरोपात त्यांच्या वंशजांच्या वस्त्या 'दोरीच्या ठशांच्या मडक्यां'वरून ओळखतात; ओल्या मडक्यावर दोरी दाबून नक्षी काढण्याची त्यांची पद्धत होती. त्या थडग्यांतल्या पुरुषांत आर-वन-ए भरपूर आहे. २०१५ साली हे प्राचीन नमुने प्रसिद्ध झाले, तेव्हा युरोपातल्या पंडितांना घरचाच पाहुणा आपण म्हणून कळला! ब्रिटनमध्ये तर थोड्या शतकांत तेथल्या वंशाचा नव्वद टक्के भाग पालटला. स्त्रियांची मातृरेषा इतकी बदलली नाही, पुरुषांची मात्र बदलली. याचा अर्थ जो निघतो तो फारसा गोड नाही.

आणि याच मैदानी लोकांची एक शाखा पूर्वेकडे वळली. आर-वन-एच्या झाडाला सुमारे ५,८०० वर्षांपूर्वी, म्हणजे ढोबळ मानाने दोनशे पिढ्यांमागे, दोन मोठ्या फांद्या फुटल्या. एक युरोपातच राहिली. पोलंडकर बहुतेक तिच्यावरचे. दुसरी, जिला 'झेड-त्र्याण्णव' हे रुक्ष नाव आहे, ती उरलच्या दक्षिणेस रथ बनवणाऱ्या वस्त्यांत दिसते, मग मध्य आशियात, आणि अखेर आपल्याकडे. हिंदुस्थानातले जवळजवळ सर्व आर-वन-ए पुरुष या दुसऱ्या फांदीवरचे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या संशोधनाने हे आगमन इसवी सनापूर्वी २००० ते १५०० या काळात धरले आहे. यावर आपल्याकडे विद्वानांत वाद आहेत, आणि ते विहिरीच्या वादाहून कमी तिखट नाहीत. त्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी राखीगढीच्या हडप्पाकालीन सांगाड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यात मैदानी रक्ताचा मागमूस नव्हता. पण तो सांगाडा स्त्रीचा! वाय गुणसूत्रच नसल्याने पितृकुळीपुरती पोथी कोरी राहिली.

तेव्हा पुतण्या आणि त्याचा पोलिश मित्र हे भाऊबंद खरेच. फक्त दोनशे पिढ्यांपूर्वी विभक्त झालेले. महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित आसऱ्याला राहिले होते. बहुतेक बायका आणि मुले. त्यांची सरबराई करणाऱ्या कोल्हापूरकरांपैकी आणि त्या मुलांपैकी कोणाकोणाचा मूळपुरुष एकच असेल, हे तेव्हा दोघांच्याही गावी नव्हते.

मात्र येथे एक धोंडा वाटेत आहे, तो बाजूला केला पाहिजे. आर-वन-ए म्हणजे काही वरच्या जातीचा दाखला नव्हे. पश्चिम बंगालच्या ब्राह्मणांत ती शंभरांत सत्तरांवर आढळली हे खरे, पण आंध्रातल्या जंगलांत राहणाऱ्या चेंचूंमध्येही ती चौथ्या हिश्श्याने आहे. शिवाय ही रेषा सांगते ती एकाच पूर्वजाची. दहा पिढ्या मागे जा. आपले पूर्वज एक हजार चोवीस होतात. वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाची गोष्ट सांगते आणि एक हजार तेविसांविषयी गप्प बसते. २०१३ साली हैदराबादच्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मिळून दाखवले की, ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात हिंदुस्थानातले उत्तरेचे आणि दक्षिणेचे प्राचीन वंश सर्रास मिसळत होते. जातीबाहेर लग्न न करण्याच्या भिंती त्यानंतर पक्क्या झाल्या. २०१६ साली कल्याणीच्या (बंगालातल्या, आपल्या कल्याणच्या नव्हे) राष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासात तर मराठ्यांमधली सरमिसळ चालुक्य-राष्ट्रकूटांच्या काळापर्यंत चालू राहिलेली दिसली. म्हणजे भिंती बांधणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या अंगात भिंतीच्या दोन्ही बाजूंचे रक्त आधीच होते.

हे तत्त्वज्ञान मी घरात सांगत होतो तो फाल्गुन उजाडला आणि दुसऱ्या नळीचा कागद आला.

नानांच्या मुलाची कुळी 'एच'.

पुतण्याने ते मला फोनवर सांगितले तेव्हा दोघांनाही काही वेळ बोलायला सुचले नाही. एका आडनावाचे लोक एकाच कुळीचे असतीलच असे नाही, हे जगभर दिसले आहे. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावाच्या लोकांची तपासणी केली, तर निम्म्यांच्या आसपास एका कुळीचे निघाले, बाकीचे नाहीत. कोठे दत्तक, कोठे घरजावयाचे नाव, कोठे झाकलेली गोष्ट. पण आमच्यापुरता अर्थ सरळ होता. दोन पात्यांचा मूळपुरुष एक नाही. धाकट्या पातीची कथा खरी. आम्ही 'आणलेले'.

त्याहून अवघड गोष्ट निराळीच होती, आणि ती लिहायला मला थोडी लाज वाटते. 'एच' ही कुळी मुख्यत्वे आपल्याच उपखंडातली, फार जुनी. युरोपात ती जवळजवळ एकाच समाजात भरपूर सापडते, तो म्हणजे रोमा लोकांचा, ज्यांना इंग्रजीत 'जिप्सी' म्हणून हिणवतात. हजार ते पंधराशे वर्षांपूर्वी वायव्य हिंदुस्थानातून निघून इराण, आर्मेनिया, ग्रीस अशा वाटेने ते युरोपात पसरले. २००१ साली त्यांच्या चौदा गटांची तपासणी झाली. चौदाही गटांत ही कुळी निघाली आणि एकंदर पुरुषांत तिचे प्रमाण जवळजवळ पंचेचाळीस टक्के भरले. म्हणजे आमचे भाऊबंद पोलंडचे गोरे इंजिनियर, आणि नानांचे भाऊबंद गाड्यांतून हिंडणारे, शहरोशहरी हाकलले जाणारे रोमा! हे ऐकून माझ्या मनाच्या कोपऱ्यात क्षणभर काहीतरी सुखावले. 'आणलेले' म्हणवून घेतल्याचा तो सूड होता. मी शिकलासवरलेला माणूस. दुसऱ्या क्षणी माझी मला शरम वाटली, पण पहिला क्षण येऊन गेला होता.

पुतण्याला तसे काही वाटले नसावे. तो म्हणाला, "काका, मी परवा ऑश्विट्झला जाऊन आलो." क्राकावपासून ते साठ-सत्तर किलोमीटरांवर. तेथे सुमारे तेवीस हजार रोमा पाठवले गेले आणि त्यांतले एकवीस हजारांच्या जवळपास मेले. १९४४ सालच्या ऑगस्टच्या दोन तारखेच्या रात्री त्यांच्या छावणीतल्या उरलेल्या चार हजारांहून अधिक स्त्री-पुरुष-मुलांना वायूच्या कोठड्यांत घातले. कोणाचे रक्त कोठले, हे कागदावर मांडून ठेवणाऱ्या पंडितांच्या याद्या त्या छावण्यांच्या मागे होत्या. आपल्या इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला डॉक्टरेटसाठी गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. पुढे नाझींच्या वंशविचाराला ज्यांचा आधार झाला तेच. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण इतरांपेक्षा वेगळी असते, अशी गुरूची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा फरक नाही असे लिहून दिले. १९३० साली त्यांना पदवी मिळाली, पण गुण बेताचेच! पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी आयुष्यभर महाराष्ट्रातल्या माणसांची मोजमापे घेतली, आणि त्यातून एकाच ठशाची, एकसारखी माणसे असलेली जात काही निघाली नाही.

नानांना कागद दाखवायचे काम माझ्यावर आले. नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मी रोमांची हकीकत सांगितली. त्यांच्या भाषेत आजही पाण्याला 'पानी', माणसाला 'मनुष', नाकाला 'नाख' म्हणतात. त्यांचे आकडे येक, दुई, त्रिन, श्तार, पांज असे ओळखीचे चालतात आणि सात-आठ-नऊला एकदम ग्रीक होतात, कारण वाटेत ग्रीसमध्ये मुक्काम पडला. दहाला पुन्हा 'देश' म्हणून घरी येतात. नानांनी सगळे ऐकून घेतले.

"गाड्या घेऊन फिरत्यात म्हणतोस?"

"हो, पूर्वी फिरत."

"मी बावीस वर्षे कांद्याचा ट्रक चालवला भो. उमराण्याहून कलकत्त्यापर्यंत. बरोबरच आहे मग."

त्यांना आणलेल्या-बिणलेल्याची आठवणही झाली नसावी. आप्पांना मात्र झाली. ते दोन दिवस नव्हे, चार दिवस नीट जेवले नाहीत. पाचव्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "म्हणजे आजवर श्राद्धाला मी परक्यांची नावे घेत आलो?"

या प्रश्नाला प्रयोगशाळेत उत्तर नाही. मी त्यांना शेजारचे उदाहरण दिले. मालेगाव तालुक्यातले कवळाणे आमच्यापासून फार दूर नाही. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर बडोद्याच्या गादीसाठी मूल हवे होते, आणि ते पिलाजीरावांच्याच रक्ताचे हवे असा कटाक्ष होता. तेव्हा पुरुषरेषेचा माग काढीत सरकारी चौकशी थेट कवळाण्याच्या शेतकरी घरापर्यंत आली. तेथले तीन मुलगे बडोद्यास नेले, आणि त्यांतला बारा वर्षांचा गोपाळ २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर बसून सयाजीराव झाला. त्याला तेव्हा लिहितावाचताही येत नव्हते. पुढे ज्याने आपल्या राज्यात सक्तीचे मोफत शिक्षण आणले, आंबेडकरांना परदेशी शिकायला पाठवले, तो हा दत्तक. रक्त एक असल्याची खात्री त्या वेळी पुरेपूर करून घेतली होती, पण सयाजीरावांना लोक त्यासाठी आठवत नाहीत.

"ते एका रक्ताचे होते," आप्पा म्हणाले. "मी कोणत्या?"

मग मी कायद्याकडे वळलो. १९५६च्या कायद्याने दत्तक मूल दत्तविधानाच्या दिवसापासून सर्व बाबतींत दत्तक आईबापांचे. जन्मघराचे धागे तुटतात. फक्त एका बाबतीत कायदा रक्त विसरत नाही. जन्मघरी राहता तर ज्या मुलीशी लग्न निषिद्ध ठरले असते, तिच्याशी दत्तक गेल्यावरही करता येत नाही. आपल्या जुन्या शास्त्राचाही साधारण हाच धोरणीपणा. पिंड नव्या बापाला, लग्नाची बंधने दोन्हींकडची. आप्पांनी मान हलवली, पण पटले असे दिसले नाही.

शेवटी भाद्रपदात, पितृपक्षात, आम्ही नाशिकला निघालो. रामकुंडावर आमच्या उपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांची नामावळी आहे. आप्पांनी ती लहानपणी एकदा पाहिली होती. गाडी चालवायला नाना. त्यांना कोणी बोलावले नव्हते. भावडबारीच्या घाटात पोरासोरांच्या हाती गाडी देऊ नये, असे म्हणून ते स्वतःच चक्रावर बसले. वाटेत दोघे म्हातारे विहिरीवर एक अक्षर बोलले नाहीत. कांद्याच्या भावावर मात्र सोग्रसपर्यंत एकमत होते.

लाल कापडात बांधलेली लांबोडकी वही उघडली. पाने चाळता चाळता गुरुजी १९२०च्या सिंहस्थाशी थांबले. मोडी अक्षर. त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचले. आप्पांच्या आजोबांचे नाव. पुढे, 'दत्तक, आत्याचे मांडीवर दिले', आणि मागे बागलाणातल्या गावाचे नाव. म्हणजे सर्व लिहिलेले होते. ज्याचे त्याने स्वतःच सांगितलेले. शंभर वर्षे ते पान कोणी उघडले नव्हते इतकेच. आणि त्याच नोंदीखाली, त्याच शाईत: 'सोबत धाकटे चुलते, सहकुटुंब.' ते चुलते म्हणजे नानांचे पणजोबा. दोन्ही पात्या एका गाडीतून सिंहस्थाला आल्या होत्या, दत्तकाला 'आणलेला' हा शब्द लागण्यापूर्वी.

आप्पांनी ती ओळ गुरुजींना दोनदा वाचायला लावली. नानांनी काही म्हटले नाही. चष्मा आणला नाही म्हणून चडफडले मात्र. मग नेहमीच्या नावांनीच श्राद्ध झाले. पिता, पितामह, प्रपितामह, त्यांच्या बायका, आणि आईकडचे तिघे. आईकडच्या आजोबांना वाटा देणारे आपले श्राद्ध वाय गुणसूत्राहून एका बाबतीत तरी अधिक हिशेबी आहे, असा विचार माझ्या मनात आला. पण गुरुजी दर्भ मागत होते.

विहिरीचा दावा चालू आहे. पुढची तारीख मार्गशीर्षात.

निघताना गुरुजींनी नव्या नोंदी विचारल्या. पुतण्याला म्हणाले, "मुलगे किती?"

"मुलगा नाही. एक मुलगी आहे, दीड वर्षाची."

गुरुजींनी लेखणी क्षणभर वर धरली. आप्पा म्हणाले, "नाव सांग रे, लिहितील."

त्यांनी लिहिले, मग जन्मगाव विचारले. क्राकाव हे नाव दोनदा ऐकून घेतले आणि बाळबोध अक्षरांत नोंदवले: मुक्काम क्राकाव, देश पोलंड. शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवावी लागली. तोवर नाना बाहेर जाऊन, गाडी वळवून, हॉर्न वाजवू लागले होते.